गणिताच्या वर्गाची खिडकी

वसतिगृह, अलास्का
४ मार्च

प्रिय आई,

मी मजेत आहे. गुडघा आता दुखत नाही, म्हणजे फारसा नाही.

खरी बातमी ऐक! डिस्ट्रिक्टच्या सगळ्या शाळांची बास्केटबॉल स्पर्धा यंदा आपल्या बेटावर आहे! आम्ही शुक्रवारी फेरीबोटीने पोचतोय. पण पाहुण्या टीमने तिथल्या शाळेतच झोपायचं ना, म्हणून मला घरी यायला बंदी. कोच म्हणाले, "टीम एकत्र राहते, सिग्रिड. आईचे पॅनकेक विसर!" टीममधली लेना चिडवते, "समोर घर आणि बाईसाहेब फरशीवर!"

बाबा हॅलिबट मासे धरायला गेले का?

आम्हाला झोपायला गणिताचा वर्ग मिळालाय. तिथून आपलं स्वयंपाकघर दिसतं. शनिवारी सकाळी कॉफी करताना पडदा उघडा ठेवशील? मी खिडकीतच असेन.

समोरच्या टीमची पण तुझीच,
सिग्रिड