ह्यांच्या शेजारची जागा

५ नोव्हेंबर
आज मजाच झाली. नात झोया शाळेतून आली, दप्तर फेकलं नि म्हणते, "दादी, माय प्रोजेक्ट इज वेल्स." मी म्हटलं, अगो, मी बघितलाय की देवमासा! लहानपणी आमच्या किनाऱ्याला लागलेला. वास असा की जेवण जाईना. बरंच सांगितलं. ही पोट धरून हसते. "नॉट फिश दादी! पीपल." इंग्लंडला चिकटून वेल्स नावाचा देश आहे म्हणे. चौथीपर्यंत आम्हाला कोणी सांगितला नाही. आता शिकतेय.
सून ट्रॅफिकात अडकली. इकडे परदेशात अल नहदाच्या रस्त्यांचं हे रोजचंच. कोळंबीचं कालवण फक्कड.

८ नोव्हेंबर
गावाहून धाकट्या दिरांचा फोन. धरणाची भिंत पुरी झाली. येत्या पावसाळ्यात वाडी पाण्याखाली, आता कोणी थांबवत नाही. घर जाणार हे कळलेलंच. पण कब्रस्तान.. "भाभी, भाईची कबर हलवायची की ठेवायची? जमातवाले विचारतात."
इरफान म्हणाला, "अम्मी, खलास. नको विचार करू." लेकाला सोपं.
ह्यांच्या शेजारची जागा मी माझ्यासाठी सांगून ठेवलेली. खुणेला सब्जा लावलाय. काय वास सुटतो!

११ नोव्हेंबर
झो.चं प्रोजेक्ट एकाच सालाचं, एकोणीसशे पासष्ट. तिची टीचर तिकडचीच. त्या साली वेल्समधलं एक गाव बुडवलं, इंग्लंडमधल्या मोठ्या शहराला पाणी पाहिजे म्हणून. शाळा, पोस्ट, प्रार्थनाघर, सगळं. आधी लोक पोराबाळांसकट त्या शहरात मोर्चा घेऊन गेले. काही उपयोग नाही. गोऱ्यांचं पण गोरे ऐकत नाहीत तर..
मी विचारलं, कब्रस्तान? झो.ने वाचून सांगितलं. काहींनी आपली माणसं दुसरीकडे नेली. बाकीची तिथेच, वरून काँक्रीट.
"काँक्रीट?"
"येस दादी."
मी म्हटलं, म्हणजे शेवटी माशांचंच गाव झालं की! झो. हसली नाही. मीच हसले.

१३ नोव्हेंबर
सुरमई ताजी मिळाली. दिरांचा परत फोन. मौलाना म्हणतात कबर उकरू नये, मय्यतीला त्रास. नाही उकरली तर पाणी. आणि हलवली तरी नव्या कब्रस्तानात रांगेने जागा, शेजारी कोण तर पुढे जो मरेल तो. म्हणजे माझी जागा दोन्हीकडून गेली.
इरफानला म्हटलं, मग मला कुठे ठेवणार? "यल्ला अम्मी, चल, जेवून घे." जेवले. सुरमई खरंच छान होती.

१६ नोव्हेंबर
झो.ने चार्ट केला. खाली बुडालेलं गाव, वरून पोहतोय देवमासा! "फॉर यू, दादी." डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसलो दोघी. मागच्या बाजूला आमची वाडी काढलीय, मी सांगितली तशी. मशीद, तिच्या दादाची कबर, सब्जा. वरून निळं निळं पाणी. कबरीशेजारी एक चौकोन कोरा.
"दिस वन इज युअर्स, ना? ब्लू करू?"
करू म्हणाली. मराठीत! माझं बाळ ते.
दिरांचा फोन वाजतोय. आज उत्तर पाहिजे त्यांना. झो.ला म्हटलं, थांब गो, एवढ्यात रंग नको