ऐकून घेणं : दहापैकी नऊ

३ मार्च, सोमवार
नोकरी जाऊन आज बरोबर दोन महिने. घाटकोपरच्या प्लेसमेंटवाल्या मुलीकडे गेलो. नाव अबोली, वय फार तर पंचवीस. म्हणाली, सर, डिस्पॅचमधला चोवीस वर्षांचा अनुभव छान आहे, पण कंपन्या आता सॉफ्ट स्किल्स बघतात. छापील यादी दिली. संवाद, टीमवर्क, ऐकून घेणं, बदलाशी जुळवून घेणं. घरी येऊन यादी फ्रिजवर लावली आणि स्वतःला मार्क दिले. ऐकून घेणं : दहापैकी नऊ. दहा देणं बरं दिसत नाही.

५ मार्च
संकल्प : रोज संध्याकाळी सात ते साडेसात मॉक इंटरव्ह्यू. घेणार रेवती. बायकोला डायनिंग टेबलाच्या पलीकडे बसवलं, प्रश्न लिहून दिले. तिला आधी काहीतरी बोलायचं होतं. म्हटलं, इंटरव्ह्यू झाल्यावर. झाल्यावर मी माझ्या उत्तरांचं विश्लेषण केलं. त्यात नऊ वाजले.

८ मार्च
यूट्यूबवर ऐकण्याचं तंत्र मिळालं. दर तीन सेकंदांनी मान हलवायची आणि समोरच्याचं वाक्य आपल्या शब्दांत परत म्हणायचं. रेवतीवर प्रयोग केला. ती नाशिकबद्दल काहीतरी सांगत होती. मी म्हटलं, म्हणजे नाशिकला थंडी जास्त असते. ती गप्पच झाली. तंत्र प्रभावी आहे.

१२ मार्च
रेवती पहाटेच निळी इरकल नेसून बाहेर पडली. कुठे, ते सांगितलं असेल. पोळीभाजी झाकून ठेवली होती. आली ती रात्री आठला. मॉक इंटरव्ह्यू बुडाला. टीमवर्कमध्ये तिचे दोन मार्क कापले.

१७ मार्च
आज तिने स्वतःच्या मनाने प्रश्न विचारला. तुमच्याकडचं जुनं, चांगलं माणूस सोडून चाललं तर काय कराल? झकास प्रश्न. मी म्हटलं, एक्झिट इंटरव्ह्यू घेईन. समोर बसवून कारण विचारीन आणि मध्ये एक शब्द न बोलता ऐकीन. तिने विचारलं, खरंच ऐकाल? म्हटलं, चोवीस वर्षं दुसरं काय केलं?
पाणी प्यायला म्हणून उठली ती ओट्याशीच उभी राहिली. नाक ओढत होती. मुलुंडमध्ये सगळीकडे रस्ते खणलेत, धूळ फार.

२१ मार्च
अंधेरीला इंटरव्ह्यू. तिघं जण होते. प्रश्न : एखाद्याचं नीट न ऐकल्यामुळे झालेली तुमची एक चूक सांगा. म्हटलं, अशी चूक झालेली नाही. तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. बहुतेक काम झालं.

२६ मार्च
काम झालेलं नाही. अबोली म्हणाली, ते म्हणतात की सरांनी प्रश्न पूर्ण होऊ दिले नाहीत. आजकाल लोकांना आत्मविश्वास खपत नाही.
घरी आलो तर पलंगावर मोठी बॅग. उन्हाळी आवराआवर असावी.

३० मार्च, पाडवा
गुढी उतरवली. वरच्या साडीची घडी घालता घालता रेवती म्हणाली, "नाशिकला मुलींच्या वसतिगृहात रेक्टर म्हणून लागलेय. उद्या निघते. राहायला खोली आहे."
म्हटलं, हे कधी ठरलं?
"महिनाभर सांगतेय. इंटरव्ह्यूची तयारीही तुमच्यासमोर बसूनच केली."
फ्रिजवरची यादी तिने म्हणे पाठ केली होती.
मला माझं एक्झिट इंटरव्ह्यूचं उत्तर आठवलं. खुर्ची ओढून तिला समोर बसवलं, कारण विचारलं. ती म्हणाली, सव्वीस वर्षांत या घरात माझं एक वाक्य... आणि मी म्हटलं, पण नाशिकला तुझ्या गुडघ्याला थंडी सोसेल का?
ती उठली. "राहू दे," म्हणाली, आणि साडी कपाटात ठेवली.

३१ मार्च
बॅग टॅक्सीपर्यंत नेऊन दिली. सुट्टीत येशील ना, असं विचारायचं होतं. ड्रायव्हरला रस्ता सांगत बसलो.

१ एप्रिल
सात वाजता टेबलाशी जाऊन बसलो. सवयीने.

६ एप्रिल
संध्याकाळी तिचा फोन. ठरवलं, आज मान हलवायची नाही, तंत्र नाही, मध्ये बोलायचं नाही. नुसतं ऐकायचं.
तूरडाळ खालच्या स्टीलच्या डब्यात आहे. बीपीच्या गोळ्या संपत आल्या असतील. वसतिगृहात अकरावीची एक मुलगी आहे, राधा, घरच्या आठवणीने रडते. तिला समजवायला गेलं की जास्तच रडते, म्हणून रेवती नुसती तिच्याजवळ बसते. मग म्हणाली, मीही तशीच होते हो, लग्न होऊन आले तेव्हा. तुम्ही पेपर वाचत होतात.
मला हे माहीत नव्हतं. सव्वीस वर्षं माहीत नव्हतं. घरी ये, एवढंच म्हणायचं होतं. पण तिचं अजून संपलं नसेल असं वाटलं, म्हणून फोन कानाशी धरून ऐकत राहिलो.
"हॅलो? अहो, आहात ना?"
मी होतो.
"रेंज गेली वाटतं यांची," असं ती तिकडे कोणालातरी म्हणाली आणि फोन ठेवला.
इकडे रेंज पूर्ण होती.