भिंतीआडच्या तळ्याची मोजणी

४ मे १९९६, शनिवार
पोचलो एकदाचे. सकाळी दिल्लीच्या लक्ष्मीबाई नगरातून यशवंतकाकांच्या मारुतीने निघालो, तेव्हापासून उन्नतीने तीनदा विचारलं की गुडगाव म्हणजे दिल्लीच ना. काका म्हणाले, बिल्कुल. मग तासभर गहू कापून मोकळी झालेली रानं आणि मध्येच एखादी काचेची इमारत बघत आलो. काका बाबांचे अमरावतीचे मित्र, गेली तीस वर्षं दिल्लीत सरकारी नोकरीत. एकोणीस तारखेला, रविवारी, तेच न्यायला येणार आहेत.

बिल्डरची नवी वसाहत अजून माहितीपत्रकातच आहे. त्यात एका गल्लीचं नाव ऑर्किड आहे, आणि इथे बाभळीशिवाय काही उगवत नाही. मधोमध बारा एकरांत जुनं तळं, इथले लोक त्याला जोहड म्हणतात. भोवती दहा फूट उंच नवी भिंत. आत काय काय जगतं ते मोजून पंधरा दिवसांत अहवाल द्यायचा, हे माझं काम. राहायला गिऱ्हाइकांना दाखवायचा नमुना बंगला मिळालाय. बाथटब आहे म्हणून उन्नती त्यात पाण्याविनाच दोनदा बसून आली.

भिंतीच्या आत आम्ही माणसं चार. मी, सात वर्षांची उन्नती, चौकीदार रतिराम आणि त्याची बायको बिमला. माझ्या नवऱ्याचं, अतुलचं म्हणणं होतं की उन्हाळ्याच्या सुट्टीत पोरीला तिथे कशाला नेतेस, नागपूरला माझ्याजवळ राहू दे. मी ऐकलं नाही. माझ्या डोळ्यांसमोर असली की मला बरं वाटतं.

६ मे
पहिली मोजणी झाली. एक्केचाळीस जाती. पक्षी, बेडूक, चतुर, गोगलगाई, एक घोरपड. एवढ्याशा डबक्याला हे म्हणजे श्रीमंतीच.

उन्नतीला समजावलं की तळ्यात दरवर्षी काही ना काही संपतंच. कुणाला खायला मिळत नाही, कुणाला कुणी खाऊन टाकतं. पण बगळ्याच्या पायाला चिकटून शेजारच्या तळ्यातली अंडी येतात, वाऱ्याने बी येतं, ओढ्याने मासे येतात. घरात किती जण मावतील हे घरावर असतं, पण पाहुणे किती येतील हे आसपासच्या गावांवर. तिने विचारलं, आणि पाहुणे आलेच नाहीत तर? म्हटलं, मग घरचेच एकमेकांची तोंडं बघत बसतील. खूप हसली.

८ मे
आज रतिरामशी वाजलं. पश्चिमेच्या भिंतीत पायाशी हातभर रुंद मोरी आहे. बेडूक, मुंगूस, पाणी, सगळ्यांची ये-जा तिथून. माझ्या पद्धतीत जीव पकडायचे, खूण करून सोडायचे, परत पकडायचे आणि त्यात खुणेचे किती निघाले यावरून एकूण आकडा काढायचा. मोजणी चालू असताना आत कुणी यायला नको, बाहेर कुणी जायला नको, नाहीतर गणित कोसळतं. म्हणून मोरी विटांनी बंद करायला सांगितली.

रतिराम म्हणाला, “मैडम जी, यो मोरी बंद ना करो.” त्याच्या गावात म्हणे नवी सून आली की माहेरच्या जोहडातलं लोटाभर पाणी आणून या जोहडात ओतते. बाहेरचं पाणी मिळत राहिलं तर जोहड शांत राहतो. आता जमीन विकून गाव उठला, सुना येत नाहीत, राहिली ती ही मोरी. म्हटलं, चलो, दहा-अकरा दिवसांचाच प्रश्न आहे. ऐकण्याची सवय तशी मला कमीच. दुपारी मोरी बंद झाली.

११ मे
काल साठ गोगलगाईंच्या शंखांवर लाल नेलपॉलिशचा ठिपका लावून सोडल्या. आज चौऱ्याऐंशी सापडल्या. चौऱ्याऐंशींवरही ठिपका आहे.

रतिरामने चेष्टा केली म्हणावं तर नेलपॉलिशची बाटली माझ्या कुलूपबंद पेटीत आहे, आणि ठिपके माझ्याच हातचे, किंचित डावीकडे झुकलेले. यादी पुन्हा केली. जाती तेहतीस. जिवांचा आकडा मात्र सहा तारखेइतकाच, एकाने कमी नाही की जास्त नाही. उन्हं फार आहेत, माझंच कुठे तरी चुकलं असणार.

१३ मे
जाती एकोणीस. बुलबुल नाहीत, खंड्या नाही, होला नाही. त्यांच्या जागी साळुंक्या. त्यांच्यात एक लंगडी होती, डावा पाय आखडून चालायची. आज सकाळी अंगणात तीस साळुंक्या उतरल्या आणि तीसही जणी डावा पाय आखडून चालत होत्या. उन्नती टाळ्या वाजवत होती. मी तिला घरात नेलं.

आता कळतंय. जे संपतं त्याच्या जागी बाहेरून कुणी येत नाही, म्हणून तळं आतल्यांतलाच एखादा उचलतं आणि पुन्हा मांडतं. आकडा भरून काढतं.

१४ मे
बिमला सकाळपासून नाही. रतिरामला विचारायला फाटकाशी गेले. बाजेवर दोन रतिराम बसले होते. एकाच हुक्क्यातून आळीपाळीने ओढत होते. दोघांनी एकदमच राम-राम केला. बिमला कोण, असं दोघांनीही विचारलं.

माणसं चारच आहेत. मी, उन्नती, रतिराम, रतिराम.

उन्नतीचा हात धरला आणि फाटकातून बाहेर पडले. डांबरी रस्त्याने दहा मिनिटं चाललो. समोर फाटक आलं. आत गेलो तर हेच तळं, हाच बंगला. तीनदा गेलो. चौथ्यांदा उन्नती रडायला लागली, तिचे पाय भाजत होते.

१५ मे
बंगल्यातला फोन अजून चालतोय. काकांना म्हटलं, आत्ता या. ते म्हणाले, ऑफिसातून निघता येत नाही, रविवारी नक्की. म्हटलं, येताना कुठल्या तरी तळ्याचं पाणी आणा, कुठलंही, कॅनभर. काका हसले. म्हणाले, बेटा, तुला ऊन लागलंय, ग्लुकोज पी.

अतुलला लावला. नुसताच वाजत राहिला.

दुपारी कुदळ घेऊन मोरी फोडली. वाकून पलीकडे पाहिलं. पलीकडे तळं आहे. काठावर एक बाई वाकून मोरीतून बघतेय. पाठमोरी.

मोरी मीच बंद केली होती. माझ्या आकड्यासाठी. रतिराम सांगत होता आणि मी ऐकलं नाही.

१६ मे
जाती सहा.

रतिराम एकच दिसतोय. दुसरा कुठे गेला विचारायचं धाडस होत नाही. मग चौथं कोण? सकाळपासून उन्नतीचा हात सोडलेला नाही. बाथरूमलासुद्धा तिला बरोबर नेते.

दुपारी चार वाजता ती तळ्याकडून आली. पिवळा फ्रॉक, भांग तसाच, गुडघ्यावर तीच खपली. म्हणाली, आई, भूक लागली. आणि माझ्या हातातली उन्नती मला बिलगली.

१७ मे
मला जे येतं तेच केलं. हात न सोडता माझ्या उन्नतीच्या अंगठ्याच्या नखावर लाल ठिपका लावला. पोटच्या पोरीला खूण. लाज वाटली, पण लावला.

तासाभराने ती दुसरी खिडकीशी आली आणि काचेवर हात ठेवला. अंगठ्यावर लाल ठिपका. किंचित डावीकडे झुकलेला.

माझी ओढणी माझ्या कमरेला आणि उन्नतीच्या कमरेला बांधली. गच्च. वरच्या खोलीत कडी लावून बसलोय.

१८ मे
दुपारी डुलकी लागली. किती वेळ, माहीत नाही. जागी झाले तेव्हा गाठ तशीच होती.

पोरगी तीच ना? तीच आहे. अंग गरम आहे, केसांना तिचाच वास आहे. अमरावतीच्या आजीचं नाव विचारलं, सांगितलं. बाहेरून दुसरीनेही सांगितलं, तोच आवाज—

रतिराम आज नाही. फाटकावर कुणी नाही. दोन उन्नती. एक मी. म्हणजे चौथी—

नको.

१९ मे, रविवार
काकांची गाडी. हॉर्न. फाटक बाहेरून उघडलं की उघडतं तर. खिडकीतून दिसतंय सगळं. हाका मारतेय, काका वर बघतच नाहीत—

खालची उन्नती धावत गेली. काकांनी उचलून घेतली. नको काका, ती नको, ही, ही न्या— माझी इथे आहे. तिला एकटीला पाठवते, मी राहीन. गाठ सुटत नाही. मीच मारलेली. दातांनी ओढतेय—

बंगल्यातून कुणी तरी बाहेर पडलं. माझी निळी साडी. खांद्यावर माझी पिशवी. काकांना हात जोडून जयभीम केला, मी करते तसाच. काका म्हणतायत, किती वाळलीस गं. गाडीत बसली. पोरीला मांडीवर घेतलं.

म्हणजे हे आता इथून बाहेर. आधी लक्ष्मीबाई नगर. मग नागपूर, अतुल— तिथे आकडा भरायला कुणाच्या जागी—

गाडी वळली. फाटक लागलं.

गाठ सुटली. आत्ता.

उन्नती विचारतेय, आपण कधी जायचं. मी तिला—