मिस्टरांना पोचवायचा आठवडा

२० जून

ठरलं. पुढच्या शुक्रवारी, अठ्ठावीसला, मिस्टरांच्या अस्थी देवळात नेऊन तिथल्या आवारातल्या सासरच्या थडग्यात ठेवायच्या. एकटीनं. मिस्टर मार्चमध्ये गेले. रीतीप्रमाणे एकोणपन्नासाव्या दिवशीच न्यायच्या, पण तेव्हा मे महिन्याच्या सुट्ट्यांची गर्दी होती. नंतर माझा गुडघा. रडारड वगैरे काही नाही. मला वेळ नाही.

वन्सं, म्हणजे मिस्टरांची थोरली बहीण सुमिए, रोज फोन करतात. अगं हारुयो, माझ्या भावाला कपाटावर किती दिवस ठेवणार? तो काय लोणचं आहे मुरायला? म्हटलं, बरणी लहान आहे, अडचण होत नाही. आम्ही ओसाकाचे लोक मोजक्याच अस्थी उचलतो. तोक्योवाल्यांसारखा हंडा भरत नाही.

२३ जून

नॉनसेन्स! अठ्ठावीसलाच शहरात शिखर परिषद. जगभरचे पुढारी येणार. हायवे बंद, शाळांना सुट्टी, स्टेशनातले लॉकर कुलूपबंद, कचऱ्याचे डबेसुद्धा सील. आयुष्यभर कर भरला तो यासाठी? मी तारीख बदलणार नाही. पुढाऱ्यांनी बदलावी.

वन्सं म्हणाल्या, मग उद्याच जाऊन ये ना, रस्ते मोकळे आहेत. म्हटलं, ठरलं म्हणजे ठरलं. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर तेरेझांनी आम्हाला शिस्त लावली आहे. वन्संनी विचारलं, नवऱ्याला कपाटावर ठेवायलाही त्यांनीच शिकवलं का?

फोन ठेवला. सभ्यपणे.

२५ जून

तालीम केली. बरणीच्या वजनाचे तांदूळ रुमालात बांधून देवळाच्या वाटेवरच्या उमेदा स्टेशनापर्यंत गेले. स्टेशनात खांबागणिक पोलीस. देशभरातून मागवलेत, एकालाही इथला रस्ता माहीत नाही. एका पोऱ्यानं अडवलंच. गाठोड्यात काय? तांदूळ. कशाला? सराव. कसला सराव? ते तुला सांगायला मी बांधील नाही. झालं, बाजूला घेतलं. आणखी दोघे आले. रुमाल सोडला, तांदळात हात घातला. पोऱ्या अकिताचा, भाताच्या मुलखातला. दाणे बोटांवर चोळून म्हणाला, तांदूळ जुना आहे आजी. म्हटलं, मीही जुनीच आहे, बांध परत नीट. जाताना त्याला पर्समधली लिंबाची गोळी दिली. ड्यूटीवर चालत नाही म्हणाला आणि खिशात टाकली.

एकंदरीत तालीम यशस्वी. शुक्रवारी हे लोक मला काही पुढे जाऊ देणार नाहीत. पण आपण आपल्या बाजूनं निघायचं.

२७ जून

देवळात फोन केला. म्हटलं, उद्या बंदोबस्त फारच कडक आहे, तुमची गैरसोय होत असेल तर सांगा. भिक्षू म्हणाले, छे छे, थडग्याचा दगड सरकवायला माणूस सांगून ठेवलाय, दहाला या.

काळा ड्रेस इस्त्री केला. कमरेत घट्ट होतो. हे एक कारण होऊ शकतं, पण मी कारणं सांगणाऱ्यांतली नाही.

२८ जून, सकाळ

निघाले. ट्रेन रिकामी. मिस्टर मांडीवर.

२८ जून, दुपार

याला बंदोबस्त म्हणायचं?

उमेदा स्टेशनात कोणी अडवलं नाही. एकाच पोलिसासमोरून तीनदा गेले. ढिम्म. शेवटी मीच थांबले आणि म्हटलं, गाठोडं तपासायचं नाही का? नाइलाजानं त्यानं विचारलं, काय आहे यात? म्हटलं, माझे मिस्टर. त्यानं टोपी काढली, कमरेतून वाकला. म्हणाला, सावकाश जा, आजी. पुढचा रस्ता बंद असेल ना, विचारलं. नाही म्हणाला. नक्की? नक्की. वर स्वतः हात करून माझ्यासाठी गाडी थांबवली. अशानं पुढाऱ्यांचं रक्षण व्हायचं कसं?

दहाला देवळात. दगड सरकवून ठेवलेला. भिक्षूंनी दोन्ही हात पुढे केले. आत वाकून पाहिलं. सासरे, सासूबाई, आणि सासूबाईंना खेटून एक मोकळी जागा. मिस्टरांचं आणि सासूबाईंचं एका खोलीत दहा मिनिटं पटत नसे. शिवाय आत ओल होती.

मी म्हटलं, पोलिसांचा निरोप आहे, मला ताबडतोब परत फिरायला हवं. भिक्षूंनी गल्लीकडे पाहिलं. गल्लीत एक मांजर होतं. बरं, म्हणाले. दगडवाल्यानं नुसता घाम पुसला.

परत आले. मिस्टर कपाटावर.

२८ जून, संध्याकाळ

वन्संना कळवलं, पोलिसांनी जाऊ दिलं नाही. अस्थींना? म्हटलं, हो, जगातली एवढी मोठी माणसं आलीत, नियम म्हणजे नियम. वन्सं म्हणाल्या, जेवलीस का?

हा काय प्रश्न झाला?

१ जुलै

परिषद संपली. हायवे सुरू, लॉकर उघडले, पोलीस आपापल्या गावी. सकाळी वन्संचा फोन. या वेळी टोमणा नाही, ओरडणं नाही. हारुयो, आता काय सांगणार आहेस? एवढंच. म्हटलं, दारावर कोणीतरी आलंय.

दारावर कोणी नव्हतं.

दुपारी बंदोबस्ताच्या चौकशीच्या नंबरावर फोन केला. तो अजून चालू होता. चांगलं सुनावलं. इतक्या घाईनं सगळं उठवायची गरज काय होती? माणसांची कामं असतात, अचानक रस्ते उघडले तर त्यांनी करायचं काय? पलीकडची मुलगी ऐकत होती. मग अदबीनं म्हणाली, बंदोबस्त कधीपर्यंत ठेवायला हवा होता, आजी?

विचार करून कळवते, म्हटलं.