बेटावरच्या वॉर्डात तुम्ही मराठीत बोलायचात

अहो,

गेल्या शनिवारी तुमच्या बेटावर जाऊन आले. घरी परतल्यावर सांगायला कुणी नव्हतं, म्हणून लिहितेय.

घरून, नोव्हायहून, एकटीने हायवेवर ड्राइव्ह केलं. रागावू नका, उजव्या लेनमधूनच गेले. फेरीबोटीवर वारा इतका गार होता की तुमचं जाड जॅकेट घातलं ते बरं झालं. बाह्या लांब होतात, पण ते कुणाला देणं माझ्याच्याने झालं नाही.

रिटायर झाल्यावर तुम्ही दर उन्हाळ्यात तिथे जायचात. एकेकाळी निराधार म्हाताऱ्या माणसांना या बेटावर आणून ठेवत. त्या आश्रमाच्या तीनच इमारती उरल्यात: जेवणाचा हॉल, लॉन्ड्री आणि बायकांचा वॉर्ड. तुम्ही व्हॉलंटियर म्हणून त्यांची छपरं, खिडक्या दुरुस्त करायचात आणि घरी येऊन मला विटांबद्दल, चुन्याबद्दल सांगायचात. तिथे राहिलेल्या माणसांबद्दल कधी एक शब्द काढला नाहीत. का?

धक्क्यावर कॅरल भेटली, तुमच्याबरोबर काम करणारी. तिने सगळं फिरून दाखवलं. हॉलचं छप्पर तुम्ही केलंत ना? थेंबभरही गळत नाही, म्हणाली.

वॉर्डाच्या दारात मात्र ती थांबली. "तुझा नवरा लंचनंतर इथे एकटाच बसायचा. मोठ्याने बोलायचा, तुमच्या भाषेत."

मला वाटलं, ही दुसऱ्याच कुणाबद्दल बोलतेय. घरी जेवताना तुम्ही "मीठ दे" याच्यापलीकडे बोलायचा नाहीत.

"मी एकदा विचारलं त्याला," ती म्हणाली. "तर म्हणाला, इथल्या कित्येक बायका दूरच्या देशांतून आलेल्या. आपली भाषा कानावर न पडताच गेल्या. या भिंतींना इंग्लिशशिवाय काहीतरी ऐकू दे."

"पण बोलायचे काय?"

"मला कसं कळणार? दोनच शब्द ओळखू यायचे. निखिल आणि सुधा."

आपल्या लेकाचं नाव, आणि माझं.

ती बाहेर गेली, मी आत बसले. खाटा नाहीत आता. खिडक्या इतक्या उंचावर की बसल्या जागेवरून नुसतं आभाळ दिसतं. त्या बायकांसाठी वाईट वाटलं असं म्हटलं तर खोटं होईल. तुमचाच राग आला. मी इकडे स्वयंपाकघरात उभी होते की हो! मला का नाही सांगितलंत? निखिलची काळजी होती? माझी? की आजाराची चाहूल तुम्हाला आधीच लागली होती? आता कुणाला विचारू?

संध्याकाळी घरी पोचल्यावर निखिलचा त्याच्या गावाहून, शुगर लँडहून, फोन आला. "आई, यू ओके?" एरवी मी "हो रे, मजेत" म्हणून मोकळी होते. या वेळी म्हटलं, "नाही रे. फार एकटं वाटतं."

तो मग म्हणाला, "मी पण ओके नाहीये, आई. ऑफिसमधून निघताना बाबांना कॉल करायला फोन काढतो... अँड देन आय रिमेंबर."

तुम्ही गेल्यापासून तो माझ्याजवळ पहिल्यांदा रडला. मीही रडले. कुकर लावायचा तसाच राहिला.

तो म्हणतो, इकडेच राहायला ये. अजून काही ठरवलेलं नाही. हे घर सोडवत नाही, आणि इथे एकटीला राहवतही नाही.

पण एवढं वचन देते. निखिलपासून आता काही लपवून ठेवणार नाही. भीती वाटली तर भीती वाटते म्हणेन, तुमची आठवण आली तर तसं सांगेन. तो अर्धं इंग्लिशमध्ये उत्तर देईल, देऊ दे. मनातलं रिकाम्या खोलीला सांगायची वेळ आपल्या घरात आणखी कुणावर येऊ देणार नाही.

तुमची,
सुधा