वॉर्डातली अर्धी भिंत

अंबरनाथ,
१७ नोव्हेंबर १९९४

चि. गुरुदत्त,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळे खुशाल. उमाचा खोकला गेला का? नसेल तर अडुळसा पाठवते.

आता मुद्द्याचं. प्रसूतिगृहाच्या स्मरणिकेतला तुझा लेख दोनदा वाचला आणि दोन्ही वेळा चष्मा आपटला. लष्कराच्या बराकीचा दवाखाना कसा झाला, जाड भिंती, उंच झरोके, सगळं झकास लिहिलंस. पण ‘वारा न अडवता बाळंतिणींना आडोसा देणारी ब्रिटिशकालीन अर्धी भिंत’? अरे दीडशहाण्या, ती भिंत १९८३ ची आहे! तू तेव्हा मस्कतला होतास. किसन गवंड्याने दोन दिवसांत उभी केली, आणि पलीकडे एकही झरोका नाही. तुझा वारा येतो कुठून? पुण्यात बसून उंटावरून शेळ्या हाकायच्या!

आपले अण्णा तेव्हा ट्रस्टचे चिटणीस. दोन सासवा त्यांच्याकडे आल्या. “बौद्धवाड्यातली बाई आमच्या सुनेशेजारच्या खाटेवर नको.” अण्णांनी त्यांना हाकलायचं सोडून विटा मागवल्या. वर सगळ्यांना सांगितलं, बायकांना आडोसा हवा. तोच शब्द तू छापलास. आणि दुरुस्तीचं काम तुझ्याकडे, म्हणून त्याच भिंतीवर अण्णांचा फोटो लावणार म्हणे.

काल चांगुणा आली होती. भीमरावची बायको, बौद्धवाड्यातली. थोरल्या मुलीने तिला लेख वाचून दाखवलेला. म्हणाली, “ताई, आडोसा कुनाला, कुनापासून?”

मी चहा ठेवायच्या निमित्ताने उठले.

इथवर अण्णांना झोडपलं, कारण ते सोपं आहे. गेलेला माणूस उलटून बोलत नाही. पुढचं वाच.

भिंत झाली त्याच वर्षी चांगुणा पलीकडच्या खाटेवर होती. नर्स म्हणून दुपारची ड्युटी माझी. ती स्टीलची वाटी भिंतीवर आपटत होती. माझं टेबल सहा पावलांवर. मी बसल्या जागेवरून ओरडले, “आवाज नको, इकडे बाळं झोपलीत!” वाटी थांबली. अर्ध्या तासाने गेले तर ती एकटीच बाळंत झाली होती. मुलगी पदरात धरलेली, निळी पडलेली. रजिस्टरात मी ‘जन्मतः मृत’ लिहिलं.

ती मुलगी रडली होती, गुरू. मी अलीकडून ऐकलं होतं.

चांगुणाने अकरा वर्षांत मला काही विचारलं नाही. काल विचारलं, तेही फक्त भिंतीबद्दल. लाज वाटते मला, आणि तुझा लेख वाचून संताप येतो. दोन्ही एकदमच.

२७ तारखेला दुरुस्त झालेल्या प्रसूतिगृहाचं उद्घाटन. त्याआधी भिंत पाड. नाहीतर फोटोखाली हे सगळं लिही, माझ्या नावासकट. दोन्ही जमत नसेल तर पाहुण्यांसमोर मी वाटी घेऊन उभी राहीन आणि त्या भिंतीवर आपटत राहीन. कोण मला गप्प बस म्हणतो ते बघायचंय.

भिंतीच्या अलीकडे बसून राहिलेली,
तुझी सुहासिनीताई