साचीचं खातं

५ जुलै २००४, सोमवार

साचीला बँकेत खातं उघडायचंय. एकटीच्या नावावर. सकाळी चहा गाळताना अगदी सहज म्हणाली – "आई, तुमच्या बँकेत. ओळख म्हणून तुमची सही लागते."

आयुष कंपनीच्या कामाला ओसाकाला गेला आणि येताना हिच्याशी लग्न करून आला. त्याला वर्ष झालं. आता ती इथल्या सॉफ्टवेअरवाल्या पोरांना जपानी शिकवते. क्लासवाले यापुढे पगार चेकनं देणार म्हणे. विचारलं, "मग आयुषबरोबर जॉइंट का नाही?" ती कप विसळत राहिली.

मी जन्मभर टेलिफोनमध्ये नोकरी केली, माझंही खातं वेगळंच होतं. खात्याचं काही नाही. पण एवढी घाई कसली?

७ जुलै

आयुषच्या कानावर घातलं. लॅपटॉपमधून मान वर न काढता म्हणाला, "तू सही करू नकोस. मी बघतो." का, ते सांगितलं नाही. म्हणजे त्यालाही काहीतरी दिसतंय.

१० जुलै, शनिवार

तरी तिच्याबरोबर बँकेत गेले. नाही म्हणायला कारण सापडेना. विश्रांतवाडीच्या शाखेतल्या साहेबांनी पोलिसांकडचा तिचा राहण्याचा परवाना वाचला, उलटा करून परत वाचला. मग म्हणाले, "पासपोर्टची झेरॉक्स चालत नाही. मूळ दाखवा."

साची "घरी आहे" म्हणाली – आणि माझ्याकडे बघितलं. कसंतरीच बघितलं.

"मग खातंही घरीच उघडा," साहेब म्हणाले आणि पुढच्या माणसाला बोलावलं.

रिक्षात मी विचारलं, "घरी कुठे?"

"कपाटात होता. आता नाही."

परत तेच बघणं.

११ जुलै

परक्या देशात राहणारी बाई. पासपोर्ट हरवतो आणि पोलिसांत जात नाही – हे कसं?

१४ जुलै

दुपारी जपानला फोन. दार लावून. शब्द एक कळत नव्हता, रडणं मात्र कळलं. विचारलं तर "बाबांना बरं नाही" एवढंच. मग क्लासला निघाली आणि जाताना माझ्यासमोर त्यांच्या खोलीला कुलूप लावलं. माझ्या घरात, माझ्यापासून कुलूप!

शेजारच्या कांताबाई म्हणाल्या, "पैसे साठले की उडून जाईल हो. दागिने बघून ठेवा." बोलणं आवडलं नाही. पण त्या गेल्यावर कपाट उघडून पाटल्या बघितल्या. होत्या.

१७ जुलै

आज आयुषला सगळं सांगून टाकलं – फोन, कुलूप, पासपोर्ट. म्हटलं, "तिनंच लपवलाय. जायच्या तयारीत आहे ती."

तो हसला. "जाईल कुठे? पासपोर्ट माझ्याकडे आहे. ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये."

मला आधी कळलंच नाही.

"वडिलांना बघायला जाते म्हणते. गेली आणि परत आलीच नाही तर? म्हणून तर खातं नको म्हटलं. हातात पैसे आले की तिकीट काढेल." मी घाबरलेय असं वाटून तो माझी समजूत काढत होता. "तू काळजी करू नकोस, आई."

माझ्या पोटचा पोरगा हे बोलतोय, आणि तेही इतकं शांतपणे.

म्हटलं, "सोमवारी येताना पासपोर्ट आणायचा. माझ्या हातात द्यायचा. नाहीतर मी तिला घेऊन पोलिसांत जाते."

"तू माझी आई आहेस की तिची?"

त्याचं ताट वाढलं नाही. आपल्या हातानं घेऊन जेवला.

१९ जुलै

आणला. टेबलावर टाकला आणि खोलीत गेला.

२० जुलै, मंगळवार

सकाळी पासपोर्ट साचीच्या हातात दिला, कुठे होता तेही सांगितलं. तिनं तो उघडून पहिलं पान बघितलं. मग म्हणाली, "आई, मला वाटलं तुम्ही घेतला."

"आणि मला वाटलं तू लपवलास."

बँकेत साहेबांनी विचारलं, "ह्यांना कधीपासून ओळखता?"

"आजपासून," म्हटलं. आणि सही केली.